नऊ मिलिमीटरची हौस, साडेचार मिलिमीटरचे पिस्तूल

भाऊबीज झाली की झाडीपट्टीत मंडया भरू लागतात. भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यातले एकोडी घ्या, नाही तर आसपासचे कुठलेही गाव घ्या. रात्री नाटक किंवा दंडार असते आणि दिवसा पाळणे, जिलेबी, खेळण्यांची दुकाने. त्यातच कुठे तरी लाकडी फळ्यावर रांगेने फुगे टाचलेले असतात आणि समोर छऱ्याची बंदूक ठेवलेली असते. आपल्याकडच्या बहुतेकांचा नेमबाजीशी पहिला संबंध इथेच येतो. त्या बंदुकीची साइट बहुधा वाकडी असते, तरी एखाद्या पोराचे फुगे ओळीने फुटत जातात आणि भोवती गर्दी जमते. हे पोर पुढे शाळेत एनसीसीत गेले तर त्याच्या हाती पॉइंट टू-टूची रायफल येते. मग कमावता झाल्यावर तो विचारतो : हौसेसाठी नऊ एमएमचे नवे पिस्तूल घ्यायचे आहे, कोणते घेऊ?

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चित्रपटांत आणि वेब सिरीजमध्ये सारखे ‘नाइन एमएम’ ऐकू येते. अमेरिकेत स्थायिक झालेला भाऊ किंवा मामेबहीण शनिवारी रेंजवर जाऊन आल्याचा व्हिडिओ पाठवते. तिथे हौशी माणसाचे पहिले पिस्तूल बहुधा याच बोअरचे, म्हणजे नळीच्या व्यासाचे, असते, कारण गोळ्या इतर मोठ्या बोअरपेक्षा स्वस्त मिळतात, धक्का सोसवतो आणि निवड भरपूर असते. पण तोच प्रश्न एकोडीत उभे राहून विचारला की उत्तर पार बदलते.

भारतात सामान्य नागरिकाला नऊ मिलिमीटरचे पिस्तूल घेता येत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांनुसार हा बोअर बंदी असलेल्या वर्गात मोडतो. जिल्हाधिकारी त्याचा परवाना देऊ शकत नाहीत. तो अधिकार केंद्रीय गृह मंत्रालयाकडे असून अपवादात्मक परिस्थितीतच वापरला जातो. कारण सरळ आहे : ही सैन्याची आणि पोलिसांची गोळी आहे. जर्मनीतल्या गेओर्ग लुगर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती घडवली आणि पुढे जगभरच्या सैन्यांनी ती उचलली. आपल्या सैन्याने ब्राउनिंगच्या घडणीचे पिस्तूल पत्करले, ते ईशापूरच्या रायफल कारखान्यात बनते. स्टर्लिंग कार्बाइनही याच बोअरची. सैन्याची गोळी बाजारात फिरू लागली तर चोरीच्या मालाला वाट मिळेल, हा कायद्यामागचा विचार मला पटतो.

या कायद्यामागे काय आहे, हे आपल्या जिल्ह्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे. गोळीच्या पोटात जे जळते आणि तिला पुढे ढकलते ते प्रोपेलंट, म्हणजे नोदक द्रव्य, तिथे तयार होते. २४ जानेवारी २०२५ रोजी त्या कारखान्यात स्फोट झाला आणि आठ कामगार गेले. पंचक्रोशीतल्या घरांना तो आवाज अजून आठवतो. ज्या जिल्ह्यात दारूगोळ्यासाठी माणसे अशी जिवावर उदार होऊन काम करतात, तिथे पिस्तुलाची हौस गांभीर्यानेच करायला हवी.

मग नागरिकाच्या वाट्याला काय येते? परवाना मिळाला तर पॉइंट थर्टी-टूचे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, किंवा पॉइंट टू-टू. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि परवाना तीनऐवजी पाच वर्षांसाठी मिळतो. खेळाडूंना वेगळ्या सवलती आहेत. राष्ट्रीय पातळीवर ठरलेले गुण मिळवून ‘रिनाउन्ड शॉट’ ठरलेल्या नेमबाजाला आयातीचीही सोय आहे. पण निव्वळ हौस म्हणून अर्ज करणाऱ्याने फार आशा धरू नये. स्वसंरक्षणाचे खोटे कारण पुढे करून परवाना मिळवायचा आणि मग रेंज शोधायची, हा मार्ग तर कोणीच धरू नये.

उरते हवेवर चालणारे पिस्तूल. साडेचार मिलिमीटर, म्हणजे पॉइंट वन-सेव्हन-सेव्हन बोअरच्या आणि वीस ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या हवेच्या शस्त्राला परवाना लागत नाही. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा दुकानदार घेतो आणि नोंद करतो. हे ऐकून पुष्कळांचा चेहरा पडतो. छऱ्याचे पिस्तूल म्हणजे पोरखेळ, असे त्यांना वाटते. माझे मत नेमके उलट आहे, आणि या लेखाचे कारणही तेच आहे : नेम शिकायचा असेल तर नऊ मिलिमीटर हातात नसणे ही उणीव नव्हेच.

ऊर्जेचा हिशेब पाहा. नऊ मिलिमीटरची गोळी नळीतून सुटते तेव्हा तिच्यात साधारण पाचशे ज्यूल असतात. पॉइंट टू-टूमध्ये शंभर-दीडशे. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास वेगाने जातो तेव्हा जेमतेम पाच-सहा. मोठ्या पिस्तुलाचा धक्का आणि आवाज इतका असतो की शिकाऊ माणूस चाप ओढण्याआधीच दचकतो, मनगट खाली दाबतो, आणि चूक कुठे झाली ते त्याला कळत नाही. हवेच्या पिस्तुलात चूक लपत नाही. उलट छर्रा हळू असल्याने नळीतून बाहेर पडायला त्याला वेळ लागतो, आणि तेवढ्या अवधीत हात हलला तर तेही कागदावर उमटते.

जागतिक स्पर्धांतही मोठ्या बोअरचा मान वाटतो तितका नाही. पुरुषांच्या २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल प्रकारात ७.६२ पासून ९.६५ मिलिमीटरपर्यंतचा बोअर चालतो, म्हणजे नऊ मिलिमीटर नियमात बसते. तरीही निष्णात नेमबाज पॉइंट थर्टी-टूची सपाट तोंडाची गोळी निवडतात. ती कागदाला स्वच्छ गोल भोक पाडते आणि हाताला कमी हिसका देते. जसपाल राणा यांनी १९९४ला हिरोशिमात आणि २००६ला दोह्यात आशियाई सुवर्ण जिंकले ते याच सेंटर फायर प्रकारात.

आता निवडीकडे वळू. पहिली कसोटी मुठीची. दुकानात गेल्यावर कंपनीचे नाव नंतर विचारा, आधी डोळे मिटून पिस्तूल उचला, हात समोर धरा आणि डोळे उघडा. पुढची साइट मागच्या खाचेत मधोमध आलेली दिसली तर मूठ तुमच्या हाताची आहे. ती डावीकडे किंवा उजवीकडे पळालेली दिसली, तर दर वेळी मनगट वळवून ती जागेवर आणावी लागेल, आणि साठाव्या छऱ्यापर्यंत ते मनगट थकलेले असेल. चांगल्या पिस्तुलाची लाकडी मूठ लहान, मध्यम, मोठ्या मापात मिळते. तळहाताखालचा आधार वरखाली करता येतो, आणि गरज पडल्यास थोडे लाकूड कानसून किंवा लांबी भरून आपल्या हाताप्रमाणे करता येते. नांगराची मूठ धरलेल्या रुंद पंजाला परदेशी मध्यम माप अपुरे पडू शकते. डावखुऱ्यांनी डाव्या हाताचीच मूठ मागवावी. कोणता डोळा प्रबळ आहे तेही तपासावे. दोन्ही हातांच्या पंजांतून लहानसे छिद्र करून दूरच्या वस्तूकडे पाहा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला वस्तू दिसत राहते तो प्रबळ.

दुसरी कसोटी चापाची, आणि माझ्या मते हीच सर्वांत मोलाची. दहा मीटरच्या स्पर्धेत चाप किमान पाचशे ग्रॅम वजन उचलणारा हवा, त्याहून हलका चालत नाही. वजन मोजून तपासतात. पण आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची. आधी थोडी सैल ओढ, मग एका जागी स्पष्ट अडकणे, आणि पुढे किंचित दाबताच सुटणे. त्या शेवटच्या टप्प्यात खरखर किंवा घसरण जाणवली तर ते पिस्तूल ठेवून द्या. काही पिस्तुलांचा ट्रिगर यांत्रिक असतो, काहींचा विजेवर चालणारा. विजेचा अतिशय स्वच्छ सुटतो, पण त्याला बॅटरी लागते आणि बिघाड झाला तर खेड्यात दुरुस्ती होत नाही. जुलै २०२१मध्ये तोक्यो ऑलिंपिकला मनू भाकरचे पिस्तूल ऐन प्राथमिक फेरीत बिघडले, मौल्यवान मिनिटे गेली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. पुढे पॅरिसला तिने दोन कांस्यपदके घेतली. एकोडीत बसून सराव करणाऱ्याने यांत्रिक ट्रिगर घ्यावा असे मी म्हणेन. आणि घेण्याआधी सुटे भाग नागपूर, पुणे, मुंबईत कोठे मिळतात ते विचारून ठेवावे.

साइटचा हिशेब सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये सुमारे ३३ सेंटिमीटर अंतर असते. पुढची साइट खाचेत एकच मिलिमीटर सरकली तर दहा मीटरवर छर्रा सुमारे तीस मिलिमीटर दूर लागतो. दहाचे वर्तुळ केवळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे. म्हणजे एका मिलिमीटरच्या चुकीने दहाचे सात होतात. म्हणून नजर पुढच्या साइटवर ठेवायची, लक्ष्य धूसर दिसले तरी चालते. मागची खाच रुंद-अरुंद करता येणारी असावी, साइटची बटणे फिरवताना टकटक स्पष्ट जाणवावी. मंडईतल्या बंदुकीत नेमके हेच नसते.

तिसरी गोष्ट हवेची. स्प्रिंगवर चालणारी स्वस्त पिस्तुले काही हजारांत मिळतात. त्यांच्यात स्प्रिंगचा धक्का छर्रा सुटण्याआधीच बसतो. चापाची ओळख करून घ्यायला ती पुरतात, त्यापुढे नाहीत. स्पर्धेची पिस्तुले दाबून भरलेल्या हवेवर चालतात. नळीखालच्या सिलिंडरमध्ये दोनशे बारपर्यंत हवा भरता येते. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, पार्दिनी ही त्यातली नावे. नव्याची किंमत लाखाच्या पुढे जाते, म्हणून अनेक जण जुने घेतात, आणि त्यात काही वावगे नाही. पण जुने घेताना सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. दहा वर्षे उलटलेला सिलिंडर स्पर्धेत वापरता येत नाही, आणि घरी वापरणेही धोक्याचे. विक्रेता हा विषय टाळू लागला तर व्यवहार तिथेच थांबवावा. हवा भरायला हातपंप चालतो, कष्ट पडतात, मात्र ओलावा आत जाऊ नये म्हणून गाळणी हवी. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. भरलेला सिलिंडर बंद गाडीत किंवा टिनाच्या छपराखाली ठेवू नये.

वजन दीड किलोच्या आत असावे हा नियम. नवशिक्याने किलोभराचे घ्यावे, वजने नंतर जोडता येतात. छर्रे सपाट तोंडाचेच घ्या. डब्यांवर ४.४९, ४.५० अशी मापे छापलेली असतात. एकाच पिस्तुलाला एक माप मानवते, दुसरे नाही, म्हणून आधी थोडेथोडे आणून कागदावर पारखावे. छर्रा शिशाचा असतो. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय खाण्याला हात लावू नये, लहान मुलांना तर हे बजावून सांगावे.

खेड्यातल्या माणसाला हे सगळे झेपेल का, या शंकेला कोल्हापूरने उत्तर दिलेले आहे. राही सरनोबत तिथलीच. २०१३मध्ये चांगवानच्या विश्वचषकात २५ मीटर पिस्तुलात तिने सुवर्ण घेतले, आणि २०१८च्या आशियाई स्पर्धेत थायलंडच्या नेमबाजाशी बरोबरी झाल्यावर शूट-ऑफमध्ये सुवर्ण खेचले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. मधल्या काळात कोपराच्या दुखापतीने तिला सतावले होते. त्याच जिल्ह्यातला स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये त्याने कांस्य घेतले. कांबळवाडी काही एकोडीहून मोठे शहर नाही. फरक इतकाच की त्या मुलाला शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत वेळेवर जागा मिळाली. कोल्हापूरला दुधाळीची रेंज आहे, पुण्याला बालेवाडी, मुंबईला वरळी. पूर्व विदर्भातल्या पोरांना असे काही जवळ हवे, आणि ते मागण्याची वेळ आलेली आहे.

तोवर गावातच दहा मीटरची जागा करता येते. शाळेचा वऱ्हांडा, समाजमंदिर किंवा धानाचे रिकामे गोदाम पुरते. नेमबाजाच्या रेषेपासून कागदापर्यंत दहा मीटर, कागदाचा मध्य जमिनीपासून १.४ मीटर उंच, मागे जाड लोखंडी छर्रापेटी, त्यामागे पक्की भिंत, आणि कागदावर भरपूर उजेड. रेषेच्या पुढे कोणी जाणार नाही, दार बाजूला किंवा पाठीमागे असेल, पिस्तुलाचे तोंड नेहमी कागदाकडे राहील, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर असेल, हे नियम पहिल्या दिवसापासून. छर्रा पाच ज्यूलचा असला तरी डोळा कायमचा घालवतो. पिस्तुलात सराव-चाप असेल तर छर्रा न घालता रोज पंधरा मिनिटे कोऱ्या भिंतीसमोर चाप ओढावा. खर्च शून्य, आणि हात बसतो तो यानेच.

एक गोष्ट आपल्या भागासाठी खास सांगायला हवी. साकोलीपासून नागझिऱ्याचे रान दूर नाही, कोका अभयारण्यही जिल्ह्यातच आहे. पारवा, तितर, ससा यांच्यावर हे पिस्तूल रोखणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, मग ते शेताच्या बांधावर का असेना. पिस्तूल पेटीत, पेटीला कुलूप, आणि पेटी फक्त सरावासाठी उघडायची.

सराव जमला की पुढची वाट ठरलेली आहे : जिल्हा रायफल संघटनेचे सदस्यत्व, मग कॅप्टन इझेकिएल यांच्या नावाची राज्य स्पर्धा, मग अखिल भारतीय मावळणकर स्पर्धा, मग राष्ट्रीय. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर यांनीच १९५१मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना उभी केली. दहा मीटर पिस्तुलाच्या प्राथमिक फेरीत साठ छर्रे आणि पंचाहत्तर मिनिटे मिळतात. घरच्या वऱ्हांड्यात घड्याळ लावून तेवढेच साठ छर्रे तेवढ्याच वेळात मारून पाहा, प्रत्येक कागदावर तारीख घाला आणि वहीत गुण लिहीत जा. साठ छऱ्यांत ५४० गुण नेमाने पडू लागले की राज्य स्पर्धेचा अर्ज भरायला घ्या.