पस्तीस घोडे की साडेत्रेचाळीस?

विद्यार्थी मित्रांनो, नांदेडच्या किंवा लातूरच्या कोणत्याही महाविद्यालयाच्या वाहनतळाजवळ मधल्या सुट्टीत जरा उभे राहा. मोटारसायकलींचा वाद तुमच्या कानांवर पडल्यावाचून राहणार नाही. या वादाचा निकाल बहुधा एकाच आकड्यावर लागतो. ज्या गाडीची अश्वशक्ती जास्त, ती गाडी श्रेष्ठ! तुमच्या घरी दादा अशी गाडी घ्यायचा हट्ट धरून बसला असेल, तर हा आकडा त्याला तोंडपाठ असेल. पण एवढी महाग वस्तू एका आकड्यावर निवडणे कितपत शहाणपणाचे? तुमच्या शाळेच्या पुस्तकातले भौतिकशास्त्र या प्रश्नाचे उत्तर देऊ शकते. ते कसे, हे आज आपण पाहू या.

तुलनेसाठी आपण दोन गाड्या घेऊ. दोन्ही पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यात तयार झालेल्या. बजाज ऑटो या कंपनीने 2007 साली ऑस्ट्रियातील केटीएम या कंपनीत भागभांडवल घेतले आणि पुढे केटीएमच्या गाड्या चाकणला बनू लागल्या. डिसेंबर 2016 मध्ये 'बजाज डॉमिनर 400' बाजारात आली. पाठोपाठ 2017 च्या सुरुवातीस 'केटीएम 390 ड्यूक' नव्या रूपात आली. दोघींची इंजिने एकाच घराण्यातली. दोन्ही गाड्या 'नेकेड' प्रकारच्या, म्हणजे पुढे वारा कापणारे मोठे आवरण नसलेल्या, इंजिन उघडे दिसणाऱ्या. अशा जवळच्या नात्यातल्या गाड्यांची तुलना केली की फरक नेमका कशामुळे पडतो हे चांगले कळते.

त्या वेळचे आकडे असे होते (आधी डॉमिनर, मग ड्यूक):

सिलिंडरचे आकारमान: 373 घन सेंटिमीटर, 373 घन सेंटिमीटर
सर्वाधिक शक्ती: 35 अश्वशक्ती, मिनिटाला 8000 फेऱ्यांवर, 43.5 अश्वशक्ती, 9000 फेऱ्यांवर
सर्वाधिक टॉर्क: 35 न्यूटन-मीटर, 6500 फेऱ्यांवर, 37 न्यूटन-मीटर, 7000 फेऱ्यांवर
वजन: 182 किलोग्रॅम, सुमारे 163 किलोग्रॅम
दोन चाकांच्या आसांमधील अंतर: 1453 मिलिमीटर; 1357 मिलिमीटर

पहिली ओळ तुम्ही स्वतः पडताळून पाहू शकता. दोन्ही इंजिनांत एकच सिलिंडर आहे. त्याचा व्यास 89 मिलिमीटर आणि आतला दट्ट्या वरखाली सरकतो ते अंतर 60 मिलिमीटर. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र वापरा; उत्तर 373 घन सेंटिमीटर येईल.

टॉर्क आणि शक्ती

सिलिंडर एवढाच, मग एकीत 35 घोडे आणि दुसरीत साडेत्रेचाळीस, असे का बरे?

विहिरीवरच्या रहाटाचे उदाहरण घ्या. भरलेला पोहरा वर ओढताना रहाटाला जो फिरवण्याचा जोर लावावा लागतो, तो टॉर्क. आता दोन गडी सारखाच जोर लावत आहेत. पण पहिला मिनिटाला दहा फेरे मारतो आणि दुसरा बारा. दुसरा तेवढ्याच वेळात जास्त पाणी काढील. त्याचा जोर जास्त नाही, शक्ती जास्त आहे. म्हणजे शक्ती हा जोर आणि फेऱ्यांचा वेग यांचा गुणाकार आहे.

हेच गणित इंजिनाला लावू. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे 735 वॅट. आकडेमोड केली, तर 8000 फेऱ्यांवर डॉमिनरचा टॉर्क साधारण 31 न्यूटन-मीटर येतो आणि 9000 फेऱ्यांवर ड्यूकचा 34. म्हणजे जोरात फरक जेमतेम दहा टक्क्यांचा. बाकीचा फरक केवळ जलद फिरण्याने पडला.

जलद फिरायचे तर इंजिनाला श्वासही जलद घ्यावा लागतो. सेकंदाला 75 वेळा ताजी हवा आत घ्यायची आणि जळका वायू बाहेर टाकायचा! हे काम झडपा करतात. ड्यूकमध्ये आत घेणाऱ्या आणि बाहेर टाकणाऱ्या झडपांसाठी दोन स्वतंत्र कॅमशाफ्ट होते. 2016 च्या डॉमिनरमध्ये चारही झडपांना मिळून एकच. दोन कॅमशाफ्टमुळे झडपा हलवणारे मधले भाग हलके करता येतात आणि मोठ्या वेगातही झडपा वेळेवर उघडतात व मिटतात. पुढे 2019 साली डॉमिनरलाही दोन कॅमशाफ्ट मिळाले, तेव्हा तिची शक्ती 40 अश्वशक्ती झाली. सिलिंडर मात्र तोच राहिला.

जादा घोडे करतात काय?

आता नांदेडहून लातूरला निघू. लोहा, अहमदपूर, चाकूर असा सुमारे दीडशे किलोमीटरचा रस्ता. सपाटीवर ताशी 80 किलोमीटर या एकसारख्या वेगाने जाण्यास किती शक्ती लागेल?

अशा वेळी इंजिनाला दोन विरोधकांशी झुंजावे लागते. एक म्हणजे चाकांचा आणि रस्त्याचा रोध, दुसरा म्हणजे हवेचा रोध. ताठ बसलेला चालक धरून नेहमीचे अंदाज घेतले, तर दोन्ही मिळून सुमारे 7 अश्वशक्ती लागते. बस्स, फक्त सात! म्हणजे डॉमिनरचे 28 घोडे आणि ड्यूकचे 36 घोडे त्या वेळी नुसते पागेत उभे असतात.

वेग वाढवला की चित्र झपाट्याने बदलते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. वेग दुप्पट केला, तर हवेसाठी लागणारी शक्ती आठपट! ताशी 140 किलोमीटरला सुमारे 30 अश्वशक्ती खर्च होते. नेकेड गाडीवर चालकाची छातीच वाऱ्याला अडवत असते, म्हणून हा खर्च तिला टाळता येत नाही.

मग जादा घोडे अगदीच निरुपयोगी का? तसेही नाही. पुढची ट्रक ओलांडताना वेग वाढवावा लागतो, तिथे ते कामाला येतात. पण किती? एकटा चालक, योग्य गिअर आणि इंजिन पूर्ण जोरात, असे धरून ताशी 80 वरून 100 किलोमीटरला पोहोचण्याचा वेळ काढला, तर डॉमिनरला दोन सेकंदांहून थोडा जास्त आणि ड्यूकला सुमारे दीड सेकंद लागतो. फरक एका सेकंदाहूनही कमी आहे.

वजन आणि लांबी

ड्यूक जवळजवळ 19 किलोग्रॅमने हलकी आहे. न्यूटनच्या दुसऱ्या नियमानुसार तेवढ्याच बलाने हलकी वस्तू अधिक त्वरण घेते. पण गाडी एकटी धावत नाही. मागे आई बसली, पुढे धान्याची पिशवी ठेवली, की दीडशे किलोग्रॅमची भर पडते. मग दर 100 किलोग्रॅममागे डॉमिनरला 10.5 आणि ड्यूकला 13.9 अश्वशक्ती मिळते. रिकाम्या गाड्यांच्या तुलनेत हेच आकडे 19 आणि 27 होते. ओझे वाढले की अंतर कमी होते, हे ध्यानात घ्या.

चाकांमधील अंतराचे काय? दुधाचे कॅन लावलेली लांब सायकल आणि लहान मुलांची सायकल आठवा. हँडल सारखेच वळवले, तर आखूड सायकल लहान वर्तुळात फिरते. तशीच ड्यूक. वजिराबादच्या गर्दीत किंवा गंजगोलाईभोवती ती चटकन वळेल. डॉमिनर सुमारे 10 सेंटिमीटर लांब, म्हणून सरळ रस्त्यावर ती शांत चालते आणि मागे बसणाऱ्यालाही जागा देते. तिचे आसनही तीन सेंटिमीटर खाली आहे. बेताच्या उंचीच्या चालकाचे पाय जमिनीला नीट टेकतात.

उन्हाळ्याचा प्रश्न दोघींना सारखाच. पेट्रोलच्या ऊर्जेपैकी बराचसा मोठा भाग उष्णता होऊन वाया जातो. दोन्ही इंजिने फिरत्या द्रवाने थंड होतात आणि तो द्रव रेडिएटरमधून आपली उष्णता हवेला देतो. द्रव 100 अंश सेल्सियसला आहे असे धरा. बाहेर 22 अंश असताना फरक 78 अंशांचा; मे महिन्यात नांदेडला 42 अंश असताना फक्त 58 अंशांचा. उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता एक चतुर्थांशाने घटली! म्हणून गर्दीत पंखा सारखा फिरतो आणि गरम हवा पायांवर येते.

थांबताना दोघी सारख्याच

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. गाडी किती वेगाने धावते यापेक्षा ती किती अंतरात थांबते, यावर जीव अवलंबून असतो.

ब्रेक कितीही चांगले असले, तरी गाडीला थांबवते ते टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षण. वजन वाढले की घर्षणही वाढते आणि गतिज ऊर्जाही. त्यामुळे थांबण्याच्या अंतराच्या सूत्रातून वस्तुमान चक्क निघून जाते. अश्वशक्ती तर त्यात नसतेच. उरतो तो वेगाचा वर्ग.

कोरड्या डांबरी रस्त्यासाठी घर्षणाचा गुणांक 0.7 धरू आणि धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद. ताशी 60 किलोमीटरला गाडी थांबेपर्यंत सुमारे 37 मीटर जाते. ताशी 100 ला 84 मीटर. ताशी 120 ला 114 मीटर.

गळिताच्या हंगामात रात्री या रस्त्यांवर उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या असतात. कित्येकांना मागे दिवा नसतो. खाली केलेल्या हेडलाइटच्या उजेडात अशी ट्रॉली, समजा, 50 मीटरवर दिसली. ताशी 60 ने येणारा अलीकडेच थांबेल. ताशी 100 ने येणाऱ्याला मात्र 84 मीटर हवे आहेत. मग त्याची गाडी 35 घोड्यांची असो वा साडेत्रेचाळीस घोड्यांची, उत्तर एकच. ताशी 100 किलोमीटर वेगाने आदळणे म्हणजे जवळजवळ 39 मीटर उंचीवरून, सुमारे तेरा मजल्यांवरून पडण्यासारखे आहे.

मग कोणती घ्यावी?

बहुतेक वेळ एकट्याने आणि शहरात फिरायचे असेल, इंजिन जलद फिरवण्याची आवड असेल आणि हाताखाली सराव असेल, तर ड्यूकसारखी हलकी, आखूड गाडी. मागे माणूस आणि सामान घेऊन गावोगाव जायचे असेल, तर डॉमिनरसारखी लांब, शांत गाडी. आकडे मात्र वर्षागणिक बदलतात. 2023 च्या ड्यूकमध्ये दट्ट्याचे सरकणे 60 वरून 64 मिलिमीटर झाले आणि शक्ती 46 अश्वशक्ती. म्हणून जुने आकडे पाठ करू नका. दुकानातला ताजा तक्ता घेऊन हीच पद्धत लावा. आणि एबीएस आहे ना, हे आधी पाहा. जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देण्याचे काम ते करते. चांगल्या हेल्मेटचे पैसे गाडीच्या किमतीतच धरा.

तुम्हाला मात्र थांबावे लागेल. गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना 18 वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानुसार अल्पवयीन मुलाने गुन्हा केला, तर पालकाला किंवा वाहनाच्या मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तोवर एक प्रयोग करून पाहा. मोकळ्या मैदानावर चुन्याची रेघ आखा. सायकल सावकाश चालवत या, रेघेवर ब्रेक दाबा आणि थांबेपर्यंतचे अंतर टेपने मोजा. मग साधारण दुप्पट वेगाने पुन्हा मोजा. अंतर दुप्पट येते की चौपट? वहीत लिहून ठेवा आणि दादा गाडी पाहायला निघाला, की ती वही त्याच्या हाती द्या.