सांगता येत नाही, म्हणून दुखत नाही असं नाही
वार्धक्य आणि मेंदू : लेखांक ९

स्मृतिभ्रंश वाढत जातो तशी भाषा कशी विरत जाते, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. भाषा गेली की दुखणं सांगण्याची सोयही जाते. दुखणं मात्र तसंच राहतं.

लखनऊच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात वृद्धांच्या मानसिक आरोग्याचा स्वतंत्र विभाग आहे. प्रा. एस. सी. तिवारी यांनी तो उभा केला आणि देशात अशा विभागाची वाट घालून दिली. त्यांनी सहकाऱ्यांसह शहरातल्या तीन वृद्धाश्रमांतल्या ४५ जणांची पाहणी केली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे ११ टक्के, म्हणजे पाच जणांना स्मृतिभ्रंश आढळला. पाहणी लहान होती, पण प्रश्न मोठा आहे. या पाच जणांपैकी कुणाची दाढ ठणकत असेल, तर ते कळणार कुणाला आणि कसं?

‘शून्य ते दहा या मापात तुमचं दुखणं किती?’ हा दवाखान्यातला नेहमीचा प्रश्न इथे निरुपयोगी. तरीही विचारणं सोडू नये. लखनऊच्या आसपासच्या खेड्यातून आलेल्या आजींच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांच्याच अवधीत ‘गोड़ पिरात है?’ असं विचारलं, तर आजार मध्यम टप्प्यात असेपर्यंत बरेचदा ‘हो’ किंवा ‘नाही’ मिळतं. प्रश्न छोटा हवा, आत्ताचा हवा आणि उत्तरासाठी थांबायची तयारी हवी. ‘काल रात्री दुखत होतं का?’ याला अर्थ नाही. काल त्यांच्यापाशी उरलेलाच नसतो.

तीव्र टप्प्यात मात्र पाहावंच लागतं. त्यासाठी अमेरिकेतल्या वॉर्डन, हर्ली आणि व्होलिसर यांनी २००३ साली ‘पेनॅड’ ही मोजपट्टी दिली. श्वास, कण्हणं-ओरडणं, चेहरा, शरीराची ठेवण आणि समजावल्यावर शांत होणं, या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण. भुवया आक्रसल्यात का, मुठी वळल्यात का, गुडघे पोटाशी घेतलेत का, जवळ गेल्यावर हात झिडकारला जातो का, एवढंच पाहायचं. काही मिनिटांत होणारं काम आहे.

पण ते केव्हा करायचं, हे जास्त महत्त्वाचं. तख्तावर निश्चल पडलेल्या माणसाचं मोडलेलं हाडही शांत वाटू शकतं. म्हणून कूस बदलताना, कुर्ता चढवताना, संडासला बसवताना, आंघोळ घालताना पाहायचं. आयुष्यभर पाच वेळा नमाज पढलेले आजोबा सजद्याला वाकेनासे झाले, तर ते नमाज विसरले असं मानण्याआधी त्यांचे गुडघे तपासावेत. हा फरक डॉक्टरांना ओपीडीत दिसणार नाही. तो दिसतो सुनेला, मुलीला, रोज आंघोळ घालणाऱ्या आयाला. माझ्या मते या मोजमापातली सर्वांत मोलाची साक्ष तिचीच आहे आणि आपल्याकडे सर्वांत कमी विचारलं जातं तेही तिलाच.

गुण म्हणजे दुखण्याचं वजन नव्हे. भूक, भीती, थंडी यांनीही चेहरा आक्रसतो. त्या माणसाचे आजचे गुण त्याच्याच कालच्या गुणांशी ताडायचे आणि मग कारण शोधायचं : तोंडात रुतणारी कवळी, साचलेला मळ, तुंबलेली लघवी, पाठीवरची शय्याव्रणं.

हे न केल्याची किंमत ठाऊक आहे. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खुब्याचं हाड मोडलेल्या रुग्णांची तुलना केली होती. तीव्र स्मृतिभ्रंश असलेल्यांना मिळालेलं मॉर्फिनच्या जातीचं औषध इतरांच्या एक तृतीयांश होतं. उलट नॉर्वेत १८ शुश्रूषागृहांतल्या ३५२ जणांच्या अभ्यासात (२०११) निम्म्या जणांना आठ आठवडे पायरीपायरीने वेदनाशामकं दिली, बहुतेकांना साधं पॅरासिटामॉल. त्यांचा आरडाओरडा आणि अस्वस्थता सरासरी १७ टक्क्यांनी घटली. ज्याला घरचे हट्ट किंवा वेड म्हणतात, त्यातलं काही निव्वळ दुखणं होतं.

आपल्याकडे अशा वेळी झोपेची किंवा मनोविकाराची गोळी मागितली जाते. मनोविकारावरच्या काही गोळ्यांनी स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच दिला आहे. त्या गोळीने ओरडणं थांबेल, दाढ ठणकतच राहील.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर आजपासून एक वही ठेवा. आंघोळीच्या आणि कूस बदलण्याच्या वेळचे पाच गुण तारखेसह लिहा, लिहिणारी व्यक्ती शक्यतो तीच असू द्या. वेदनाशामक मात्र स्वतःहून सुरू करू नका. यकृत आणि मूत्रपिंड पाहून डॉक्टर मात्रा ठरवतील. पुढच्या भेटीत झोपेच्या गोळीचा विषय निघण्याआधी ही वही त्यांच्या टेबलावर ठेवा आणि ‘यांना कुठे दुखत असेल का?’ असं स्पष्ट विचारा.

(पुढील लेखांक : घास गिळणं अवघड होतं तेव्हा)