सुरतेच्या वेशीबाहेरचे ग्रंथपाल

सुरतेत अँड्र्यूज लायब्ररी १८५० पासून आहे. पण ग्रंथपाल शिकवून तयार करावा लागतो, हा विचार या भागात आला तो शहराच्या वेशीबाहेरून. आज सुरत जिल्ह्यात असलेले कामरेज, पलसाणा, महुवा हे तालुके संस्थानी काळात बडोदा संस्थानाच्या नवसारी प्रांतात होते. शहर इंग्रजांचं, आजूबाजूची ही गावं गायकवाडांची.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेलीत सुरू केलं आणि १९०६ मध्ये संस्थानभर नेलं. शाळा सुटलेल्या पोराला वाचायला काही मिळालं नाही, तर शिकलेली अक्षरं पुसली जाणार, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावलं. त्यांनी १९११ मध्ये बडोद्यात ग्रंथपालांचा वर्ग काढला. हिंदुस्थानातला तो पहिलाच. लाहोरचा वर्ग १९१५ चा, रंगनाथनांचा मद्रासचा १९२९ चा.

ग्रंथपाल घडवण्यात जर्मनी आधीच पुढे होता. ग्योटिंगेनमध्ये कार्ल जात्स्को यांच्यासाठी ग्रंथालयशास्त्राचं अध्यासन १८८६ मध्येच निघालं, आणि १८९३ मध्ये प्रशियाने विद्वान ग्रंथपालांसाठी उमेदवारी आणि परीक्षेचे नियम केले. पण तिथली तयारी विद्यापीठांच्या ग्रंथालयांसाठी होती. बडोद्याची नजर खेड्यातल्या कपाटावर होती, आणि मला तरी हीच गोष्ट मोठी वाटते.

बॉर्डन १९१३ मध्ये परतले. पुढे गाडा हाकला तो जनार्दन सखाराम कुडाळकरांनी. ‘लायब्ररी मिसलेनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत निघे. ग्रंथालयासाठी गावकऱ्यांनी वर्गणी जमवली की तेवढीच भर प्रांत पंचायत घाली, तेवढीच सरकार. पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरत. मोतीभाई अमीनांसारख्या माणसाने ग्रंथालयांची ही चळवळ गुजराती घरांत रुजवली, हेही सांगायला हवं. सगळं श्रेय राजवाड्याला देण्याची आपली खोड जुनीच.

सुरतेतल्या उधना, लिंबायत भागांत आज खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्या मुलांना मराठी पुस्तक हवं असेल, तर ते नेमकं काढून देणारा माणूसही लागतोच. अशा सेवेला आधार देणारा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा महाराष्ट्राने १९६७ मध्ये केला. ज्या मातीत देशातला पहिला वर्ग भरला, त्या गुजरातेत तसा कायदा व्हायला २००१ साल उजाडलं.