कूलंट निवडताना रंगावर जाऊ नका

मे महिन्याच्या सुट्टीत किंवा जोडून आलेल्या शनिवार-रविवारी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खंडाळ्याचा घाट चढताना, रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या मोटारी हमखास दिसतात. कुणी पिण्याच्या पाण्याची बाटली रेडिएटरमध्ये रिकामी करीत असतो, तर कुणी वाफ निवण्याची वाट पाहत असतो. दोष दिला जातो तो घाटाच्या चढाला, एसीच्या भाराला आणि मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या वाहतुकीला. वास्तविक हे तिन्ही भार सोसण्यासाठीच इंजिनाची शीतकरण यंत्रणा रचलेली असते. ती ऐन घाटात कोलमडते तेव्हा त्यामागे कधी बिघडलेला पंखा असतो, कधी गळका होज पाइप. पण पुष्कळदा त्याची सुरुवात दोन-तीन वर्षे आधी, कूलंटकडे झालेल्या दुर्लक्षातून झालेली असते.

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा उष्णतेच्या रूपाने शीतकरण यंत्रणेला वाहून न्यावी लागते. या कामात साध्या पाण्याचा हात धरणारा द्रव नाही. कूलंटमधील मुख्य घटक असलेले इथिलीन ग्लायकॉल उष्णता वाहून नेण्यात पाण्यापेक्षा बरेच कमी पडते. मग ते मिसळायचे कशासाठी? थंड प्रदेशात पाणी गोठून इंजिनाचा ब्लॉक फुटू नये, हा त्याचा मूळ उद्देश. पाणी आणि ग्लायकॉल निम्मे-निम्मे घेतले, तर ते मिश्रण उणे ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठते. लडाखला मोटार घेऊन जाणाऱ्या पर्यटकांचा अपवाद सोडला, तर महाराष्ट्रातील वाहनधारकांना याचे महत्त्व फारसे नाही. दुसरा उपयोग मात्र इथेही आहे. रेडिएटरचे झाकण हे प्रेशर कुकरच्या झाकणासारखेच काम करते. यंत्रणेतील दाब वाढला की साधे पाणीही १०० ऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते. ग्लायकॉल असल्यास ही मर्यादा आणखी आठ-नऊ अंशांनी वर जाते. घाटात हेच आठ-नऊ अंश कामी येतात.

तरीही आपल्या हवामानात कूलंटचे सर्वांत मोठे काम थंड करण्याचे नाही, तर धातू वाचवण्याचे आहे. २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निरोप घेतलेल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीत चालकाच्या पायाशी पाण्याचा कॅन असे आणि नळाच्या पाण्यावर ती गाडी वर्षानुवर्षे धावे. बिडाचा जाड ब्लॉक आणि तांबे-पितळेचा रेडिएटर हे लाड सोसत असत. आजच्या मोटारीत रेडिएटर ॲल्युमिनियमचा, सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचे, अनेकदा ब्लॉकही ॲल्युमिनियमचा असतो. पाण्याचे मार्ग अरुंद आणि भिंती पातळ. येथे साधे पाणी म्हणजे गंज, क्षार आणि गाळ यांना आमंत्रणच. कूलंटमध्ये अल्प प्रमाणात घातलेली गंजरोधक रसायने हे आक्रमण थोपवतात.

मेख नेमकी इथेच आहे. ग्लायकॉल वर्षानुवर्षे टिकते, गंजरोधके मात्र झिजतात. त्यामुळे टाकीत कूलंट भरपूर आहे, स्वच्छ दिसते आहे, तरीही त्याची संरक्षणशक्ती संपलेली आहे, असे सहज घडू शकते. गॅरेजमधील साध्या मापकावर ग्लायकॉलचे प्रमाण कळते, गंजरोधकांचे नाही. म्हणूनच कूलंट मुदतीप्रमाणे बदलावे लागते, डोळ्यांच्या अंदाजाने नव्हे.

गंजरोधकांचे ढोबळ तीन प्रकार आहेत. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट, फॉस्फेट यांसारखे अकार्बनी क्षार असतात. ते धातूवर चटकन संरक्षक थर चढवतात, पण दोन-तीन वर्षांत संपतात. दुसरा प्रकार कार्बनी आम्लांवर आधारित. ही रसायने जिथे गंज धरू लागतो तिथेच प्रामुख्याने काम करतात आणि त्यामुळे पाच वर्षे किंवा त्याहूनही अधिक टिकतात. तिसरा प्रकार या दोहोंचा संकर. त्यात जपानी कंपन्यांचा कल फॉस्फेटयुक्त, तर युरोपीय कंपन्यांचा कल सिलिकेटयुक्त मिश्रणाकडे राहिला आहे. युरोपातील कठीण पाण्यात फॉस्फेटचा साका तयार होतो, हे त्यामागचे एक कारण.

या प्रकारांची ओळख रंगावरून पटते, असा समज गॅरेजपासून सुट्या भागांच्या दुकानापर्यंत सर्वत्र आढळतो. हिरवे म्हणजे जुने, लाल किंवा नारिंगी म्हणजे दीर्घायुषी, असे सांगितले जाते. मात्र, रंग हा निव्वळ मिसळलेला रंग असतो. गळती चटकन दिसावी आणि द्रव पाणी समजून कुणी पिऊ नये, एवढाच त्याचा हेतू. कोणत्या रसायनाला कोणता रंग द्यावा, याचा सर्व कंपन्यांना बांधणारा नियम नाही. एका कंपनीचे निळे आणि दुसऱ्या कंपनीचे निळे यांत काहीच साम्य नसू शकते. दोन भिन्न प्रकार एकत्र झाल्यास इंजिन लगेच बंद पडते असे नाही. पण गंजरोधके एकमेकांना निष्प्रभ करतात आणि कधी त्यांचा चिकट गाळ बनून रेडिएटरच्या बारीक नळ्या तुंबतात.

तेव्हा निवड करावी ती गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेवरून. तिथे कूलंटचा प्रकार, यंत्रणेची क्षमता आणि बदलण्याची मुदत दिलेली असते. काही गाड्यांत कारखान्यात भरलेले कूलंट बराच काळ चालते, पण त्यापुढील बदल लवकर करावे लागतात. हा बारकावा अनेकांच्या नजरेतून सुटतो. बाटलीवर आयएस ५७५९, जेआयएस के २२३४ किंवा एएसटीएम डी ३३०६ यांपैकी मानकाचा उल्लेख आणि गाडीच्या कंपनीची शिफारस आहे का, हे पाहावे. ज्या बाटलीवर ना मानक ना ग्लायकॉलचे प्रमाण, ती कितीही स्वस्त असली तरी दुकानातच ठेवावी. बाटलीतील द्रव तयार मिश्रण आहे की घट्ट अर्क, हेही तपासणे आवश्यक आहे. तयार मिश्रणात पाणी घालायचे नसते आणि अर्क तसाच ओतायचा नसतो. निव्वळ ग्लायकॉल उष्णता कमी वाहते आणि उणे १३ अंशांच्या आसपासच गोठते.

अर्कात मिसळण्याचे पाणी डिस्टिल्ड किंवा क्षारमुक्त असावे, बॅटरीसाठी विकले जाते तसे. बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढवते, तोच रेडिएटरच्या आतही चढवते.

कूलंट बदलण्याचे काम पूर्ण थंड इंजिनावरच करावे. गरम इंजिनाचे झाकण उघडताच दाब नाहीसा होतो, १०० अंशांपेक्षा तप्त द्रव क्षणात उकळून उसळतो आणि चेहरा, हात भाजतात. घाटात होणाऱ्या दुखापतींचे हे नेहमीचे कारण. जुने कूलंट रेडिएटरच्या तळाच्या बोल्टमधून काढले तरी ब्लॉक आणि हीटर यांत बराच द्रव शिल्लक राहतो. यंत्रणा पाण्याने धुतल्यास तिथे पाणीच उरते आणि वरून तयार मिश्रण भरल्यास ते पातळ होते. गॅरेजमध्ये होणारी ही सर्रास चूक आहे. उदाहरणार्थ, यंत्रणेची क्षमता पाच लिटर आणि प्रमाण निम्मे-निम्मे असेल, तर धुतल्यानंतर आधी अडीच लिटर अर्क ओतावा आणि उरलेली जागा क्षारमुक्त पाण्याने भरावी. भरणे सावकाश असावे. हवेचा बुडबुडा अडकला तर नवे कूलंट असूनही इंजिन तापते. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, पुस्तिकेत सांगितलेल्या पद्धतीने हवा काढून, रेडिएटरचा पंखा दोनदा सुरू होऊन थांबेपर्यंत इंजिन चालवावे. इंजिन निवल्यावर टाकीतील पातळी पुन्हा पाहावी. ती किमान आणि कमाल खुणांच्या मध्ये हवी.

पातळी वारंवार घटत असेल, तर वरून भरत राहण्यात अर्थ नाही. बंदिस्त यंत्रणेतील द्रव कुठेतरी जातो आहे, एवढाच त्याचा अर्थ. डिपस्टिकवरील ऑइल दुधाळ चहासारखे दिसू लागले, तर हेड गॅस्केटमधून कूलंट ऑइलमध्ये उतरत असल्याची दाट शक्यता असते. मग काही शे रुपयांच्या कूलंटचा विषय हजारो रुपयांच्या दुरुस्तीवर जातो. वाटेत काटा लाल खुणेकडे सरकू लागलाच, तर एसी बंद करून हीटर पूर्ण सुरू करावा आणि गाडी सुरक्षित जागी घ्यावी. उकाडा होईल, पण इंजिनाची थोडी उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. काटा तरीही उतरत नसेल, तर इंजिन बंद करून ते निवू द्यावे. तापलेल्या धातूवर थंड पाणी ओतू नये.

बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांतही कूलंट असते. त्यापैकी काहींना वीज कमी वाहणारे खास मिश्रण लागते. त्यात नेहमीचे कूलंट भरू नये.

काढलेले कूलंट सोसायटीच्या गटारात किंवा झाडांच्या मुळाशी ओतण्याची पद्धत मात्र धोकादायक आहे. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर असते आणि पोटात गेल्यावर शरीरात त्याचे ऑक्झॅलिक आम्लापर्यंत रूपांतर होऊन मूत्रपिंडे निकामी होतात. पार्किंगमध्ये सांडलेले थोडेसे थारोळे चाटूनही मांजर किंवा कुत्रे दगावू शकते. लहान मुलांनाही तोच धोका. सांडलेला द्रव लगेच पुसून ती जागा भरपूर पाण्याने धुवावी आणि जुने कूलंट घट्ट झाकणाच्या, नाव लिहिलेल्या कॅनमध्ये भरून सर्व्हिस सेंटरकडे सोपवावे. त्यासाठी शीतपेयाची रिकामी बाटली वापरू नये.