भुसावळच्या खोलीसाठी पीसी

लॅमिंग्टन रोडवर गेमिंग पीसी जुळवून देणारा एक तरुण गिऱ्हाइकाला बजेटच्या आधी खोली विचारतो, असं कानावर आलं आणि मी त्याच्या दुकानात जाऊन बसलो. ग्रँट रोड स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडलं की थोड्याच अंतरावर डॉ. भडकमकर मार्गाची ती गर्दी सुरू होते. खालच्या दुकानांत केबल, कॅमेरे, प्रिंटरची शाई. हा वरच्या मजल्यावर, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागेल एवढ्या जागेत. टेबलावर रबरी मॅट, वर पांढरा दिवा, आणि सगळ्यावर पसरलेला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा वास. इंजेक्शनच्या आधी दंडावर बोळा फिरवतात तेव्हा येतो तोच. जुनी थर्मल पेस्ट पुसायला तो हे वापरतो.

त्या दिवशी भुसावळहून वडील आणि मुलगा आले होते. वडील रेल्वेच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये, मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. मुलाच्या फोनमध्ये पार्ट्सची लांबलचक यादी होती. वडिलांकडे एकच प्रश्न होता आणि तो त्यांनी बसायच्या आधीच विचारला. "याच्या निम्म्या पैशात प्लेस्टेशन येतं म्हणतात. मग हा खटाटोप कशासाठी?"

प्रश्न रास्त होता. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आलं तेव्हा डिस्कवाल्या मॉडेलची किंमत ४९,९९० रुपये होती. पुढे ती वाढली, तरी मुलाची यादी लाखाला टेकत होती. कन्सोल घरी आणायचा, टीव्हीला जोडायचा, खेळायला बसायचं. पीसीवर ऑनलाइन खेळायला कन्सोलसारखं वेगळं सभासदत्व घ्यावं लागत नाही, हा मुलाचा मुद्दा खरा होता, पण वडिलांवर त्याचा काही परिणाम झाला नाही.

तरुणाने उत्तर दिलंच नाही. त्याने विचारलं, "काका, खोली कुठली? वरचा मजला?"

"वरचा. स्लॅब तापतो."

"मे महिन्यात दुपारी आत किती होतं?"

"कूलर बंद असला तर चाळीस, बेचाळीस."

मग त्याने फोनवर कन्सोलची माहितीपुस्तिका काढून वडिलांसमोर धरली. यंत्र चालवण्याचं तापमान: ५ ते ३५ अंश सेल्सिअस. "पस्तीस, काका. कंपनीनेच लिहिलंय."

"पस्तीस?" वडिलांनी पुन्हा विचारलं. भुसावळच्या माणसाला हा आकडा ऐकून काय वाटलं असेल ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

छत्तीस झाले की कन्सोल बंद पडतो, असं नाही, आणि तो तरुणही तसं म्हणाला नाही. त्या यंत्रात उष्णतेसाठी केलेलं काम मोठं आहे. सोनीने ऑक्टोबर २०२० मध्ये आपल्याच अभियंत्याच्या हातून ते उघडून दाखवलं होतं. त्या मॉडेलच्या आत १२० मिलिमीटर व्यासाचा आणि ४५ मिलिमीटर जाडीचा पंखा होता. मुख्य चिप आणि हीटसिंक यांच्यामध्ये पेस्टऐवजी द्रवरूप धातू आहे, आणि त्याच्या तयारीत दोन वर्षांहून जास्त काळ गेला. त्या मॉडेलचं अवाढव्य अंग मुळात उष्णतेसाठीच होतं. कन्सोल बनवणाऱ्यांनी हा धडा महागात घेतला आहे. एक्सबॉक्स ३६० तापून बंद पडू लागले, पुढच्या बाजूला तीन लाल दिवे लागू लागले, तेव्हा जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टला त्या दोषासाठी वॉरंटी तीन वर्षांची करावी लागली आणि एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढावी लागली.

पण अभियंत्याने मनात धरलेली खोली ३५ अंशांना संपते, आणि भुसावळची खोली तिच्या पलीकडे सुरू होते.

पीसीच ठरला आणि जुळवणी सुरू झाली. मदरबोर्डवरचं सॉकेटचं झाकण त्याने उचललं तेव्हा तो मला श्वास रोखल्यासारखा वाटला. या एएम५ सॉकेटमध्ये १७१८ पिना असतात. पूर्वी एएमडी कंपनीच्या प्रोसेसरलाच पिना असायच्या, आता त्या बोर्डात आहेत. एखादी वाकली तर बोर्ड गेला. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवून त्याने रायझन ५ ७६०० प्रोसेसर अलगद ठेवला, दाबला नाही. रॅम आणि एसएसडी बसवायला मिनिटही लागलं नाही.

त्या प्रोसेसरच्या खोक्यात कंपनीचा छोटा कूलर येतो. तो त्याने मुलाच्या हातात दिला आणि सांगितलं, कपाटात ठेव. त्याच्या जागी चार हीटपाइपवाला उंच हीटसिंक. हीटपाइप म्हणजे तांब्याची बंद नळी. आत जेमतेम थोडं पाणी असतं आणि दाब इतका कमी की ते शंभर अंशांच्या खूप आधी उकळतं. तापलेल्या टोकाला वाफ होते, वाफ थंड टोकाकडे जाऊन पाणी होते, आणि आतल्या तांब्याच्या सच्छिद्र अस्तरातून ते पाणी आपोआप परत येतं. पंप नाही, मोटर नाही, बिघडण्यासारखं काही नाही. हे ऐकताना वडील पुढे सरकून बसले.

मुलाला मात्र लिक्विड कूलिंग हवं होतं. काचेच्या कॅबिनेटमधून दिसणाऱ्या नळ्या आणि रंगीत दिवे. तरुण शांतपणे म्हणाला, "पाणी उष्णता फक्त नेतं. शेवटी रेडिएटरवरून तुझ्याच खोलीच्या हवेत सोडतं. खोली चाळीस तर पाणी चाळीसच्या खाली येणार नाही. वर एक पंप वाढला." यावर वडीलच बोलले. "आमच्या इंजिनात ट्रान्सफॉर्मरचं तेल असंच फिरतं. तेलाचा पंप बसला की इंजिन शेडला येतं." लिक्विड कूलिंग यादीतून गेलं. समोरून बंद असलेलं काचेचं कॅबिनेटही गेलं, त्याजागी जाळीचं आलं. मुलगा हिरमुसला. बाजूची एक काच आणि दिव्यांचा एक पंखा एवढ्यावर तडजोड झाली.

थर्मल पेस्ट लावताना तो बोलायचा थांबतो. मधोमध एक मोठा ठिपका, चार बाजूंना चार लहान. प्रोसेसरची पाठ आणि हीटसिंकचं तांबं डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, पण टेकवले की मध्ये बारीक फटींत हवा राहते, आणि तांबं हवेपेक्षा सुमारे पंधरा हजार पट चांगलं उष्णता वाहून नेतं. पेस्टचं काम एवढंच, ती हवा हुसकावणं. जास्त लावली तर पेस्टचाच थर आड येतो. स्क्रू त्याने आळीपाळीने पिळले, इकडे दोन वेढे, तिकडे दोन वेढे, म्हणजे दाब सगळीकडे सारखा पडतो.

पुढून दोन पंखे हवा आत घेणारे, मागून एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा जास्त ठेवली की कॅबिनेटच्या फटींतून हवा बाहेरच ढकलली जाते, आणि धूळ फक्त समोरच्या जाळीवर अडते. ती जाळी स्क्रूड्रायव्हरशिवाय निघते. "महिन्यातून एकदा धुवायची. आणि खोलीतल्या कूलरच्या झोतासमोर पीसी ठेवायचा नाही. ओलावा आणि पाण्यातला क्षार दोन्ही आत जातात."

मग त्याने पीसी चालू केला. स्क्रीनवर आकडे दिसत होते, तरी त्याने आधी हात पालथा करून मागच्या पंख्यामागे धरला. मी तिथे बसून होतो तेवढ्या वेळात प्रत्येक यंत्रामागे त्याचा पालथा हात जाताना पाहिला. आकडा चिपचं सांगतो, हवा बाहेर पडतेय की आतच घोळतेय ते हाताला कळतं, असं त्याचं म्हणणं. मीही हात धरून पाहिला. मला नुसती गरम हवा लागली. त्याला त्यात काहीतरी खटकलं, म्हणून त्याने वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसची एक जाड केबल पंख्याच्या वाटेतून काढून मागच्या बाजूला वळवली.

खरी चाचणी त्यानंतर. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही पूर्ण ताणावर. आणि त्याने दुकानाचा एसी बंद केला, दार लावलं. आम्ही चौघंही घामाघूम. "एसीत टेस्ट करून भुसावळला पाठवलं तर तो आकडा खोटा." खोलीचं तापमान ३२ वर गेलं. प्रोसेसर ७६, आरटीएक्स ४०६० कार्ड ७१. वडिलांनी बिलाच्या मागच्या बाजूला स्वतः गणित मांडलं. खोली दहाने चढली की आतलं सगळं साधारण दहाने चढतं, म्हणजे बेचाळीसला प्रोसेसर ८६. या प्रोसेसरची मर्यादा ९५. त्यापुढे तो जळत नाही, स्वतःचा वेग कमी करून घेतो. "म्हणजे नऊ अंशांची सवलत आहे," वडील म्हणाले. पस्तीसचा आकडाही त्यांनी त्या कागदावर लिहिला आणि त्याखाली रेघ ओढली.

मोठा खेळ चालू असताना प्लेस्टेशन ५ सुमारे २०० वॅट वीज घेतं. या पीसीचा आकडाही त्याच्या आसपासच. घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच उतरते. पाच तास खेळलं तर एक युनिट वीज, आणि तेवढीच ऊब आधीच तापलेल्या स्लॅबखाली. म्हणजे उष्णता दोन्हीकडे सारखीच. ती कुठल्या वाटेने बाहेर जावी, हे कन्सोलमध्ये आधीच ठरून गेलेलं असतं. इथे ते भुसावळची भिंत, स्लॅब आणि कूलर विचारून ठरलं. ज्याच्या घरी खोली थंड आहे आणि ज्याला नुसतं खेळायचं आहे, त्याने खुशाल कन्सोल घ्यावा, त्यात पैसे वाचतात. पण विदर्भ-खानदेशातल्या मुलाला यंत्र हवं असेल तर ते या टेबलावरून जावं, असं मला मनापासून वाटतं. पंखा गेला तर काहीशे रुपयांत दुसरा येतो आणि तो बसवायला चार स्क्रू लागतात. कन्सोलच्या पोटात द्रवरूप धातू आहे, तिथे हौशी हात घालू नये.

निघायच्या आधी तरुणाने ग्राफिक्स कार्ड बोर्डातून परत काढलं. गाडीच्या हादऱ्यांनी त्याच्या वजनाखाली स्लॉट तुटू शकतो, म्हणून ते वेगळ्या खोक्यात, फोममध्ये. पण बांधाबांध करण्याआधी त्याने मुलाला उठवून टेबलाच्या आतल्या बाजूला उभं केलं आणि कार्ड त्याच्याकडून बसवून घेतलं. पहिल्यांदा तिरकं गेलं. "जोर नको, सरळ धर." दुसऱ्यांदा खटका वाजला. काढायला लावलं, पुन्हा बसवायला लावलं.

"मे महिन्यात दुपारी दोनला हीच टेस्ट लाव आणि आकडे मला पाठव. नव्वदच्या वर गेलं तर समोरच्या बाजूला तिसऱ्या पंख्याची जागा मोकळी ठेवलीय."

वडिलांनी बिल घडी करून खिशात घातलं. "आणि ती पेस्ट? ती किती वर्षांनी बदलायची?"

"तीन-चार वर्षांनी, काका. पण त्यासाठी मुंबईला येऊ नका, तोवर याला जमेल."