आधी आठवा, मग उत्तर पाहा

अमेरिकेत सेंट लुईस शहराजवळ, मिसिसिपी नदीपलीकडे कोलंबिया नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या शाळेत २००६ साली सहावीच्या सामाजिक शास्त्रांच्या तासाला एक प्रयोग सुरू झाला. मुलांच्या हाती टीव्हीच्या रिमोटसारखे क्लिकर देण्यात आले. पडद्यावर प्रश्न आला की मुलं बटण दाबत आणि लगेच बरोबर उत्तर दिसे. या गुणांची नोंद प्रगतिपुस्तकात होणार नव्हती. विषय होता प्राचीन इजिप्त, मेसोपोटेमिया, भारत आणि चीन यांचा इतिहास.

प्रयोगाची खरी गंमत त्याच्या आखणीत होती. साधारण एकतृतीयांश मजकुरावर अशी प्रश्नमंजूषा झाली. दुसऱ्या एकतृतीयांश मजकुरातली माहिती प्रश्न न करता, सरळ विधानं म्हणून मुलांपुढे पुन्हा ठेवली. उरलेला भाग नेहमीसारखा शिकवून सोडून दिला. कोणत्या भागावर प्रश्न विचारले जातात हे बाईंना कळू नये, म्हणून त्या वेळी त्या वर्गाबाहेर जात.

परीक्षेत प्रश्नमंजूषा झालेल्या भागात मुलांची श्रेणी पूर्ण एका पायरीने वर गेली. पुन्हा वाचायला दिलेल्या भागाचा निकाल मात्र उजळणी न झालेल्या भागापेक्षा जराही सरस नव्हता. नंतर हाच प्रयोग आठवीच्या विज्ञानावर झाला. ज्या मजकुरावर प्रश्न विचारले नव्हते त्यात मुलांना सरासरी ७९ टक्के गुण मिळाले, विचारले होते त्यात ९२ टक्के. आठ महिन्यांनी, वर्षाच्या शेवटीही हा फरक टिकून होता.

पुस्तक पुन्हा पुन्हा वाचणं म्हणजे अभ्यास, या समजाला इथे धक्का बसतो.

असं का होतं, याचा शोध याच परिसरातल्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक हे मानसशास्त्रज्ञ घेत होते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने चार सत्रांत तोच उतारा वाचला. दुसऱ्या गटाने तो फक्त पहिल्या सत्रात वाचला आणि पुढची तिन्ही सत्रं कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहिण्यात घालवली. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तर वाचणारे पुढे होते : ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली, तर चित्र उलटं झालं. वाचणाऱ्यांच्या लक्षात ४० टक्के उरलं होतं, आठवणाऱ्यांच्या ६१ टक्के. गंमत म्हणजे, आपल्याला छान लक्षात राहील याची जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती.

उतारा दुसऱ्यांदा वाचताना तो ओळखीचा वाटतो आणि ही ओळख म्हणजेच ज्ञान, असा मेंदूचा समज होतो. पुस्तक मिटून उत्तर शोधताना मात्र त्या माहितीपर्यंत जाण्याची वाट धुंडाळावी लागते. प्रत्येक यशस्वी शोधागणिक ती वाट पुढच्या वेळी सापडायला सोपी होते. उत्तर चुकलं आणि लगेच दुरुस्त झालं, तरी फायदा होतो.

हे ज्ञान तसं जुनंच. १९३९ साली हर्बर्ट स्पिट्झर यांनी आयोवा राज्यातल्या सहावीच्या ३,६०५ मुलांना माहितीपर लेख वाचायला देऊन वेगवेगळ्या अंतराने चाचण्या घेतल्या. वाचल्यावर लगेच चाचणी झालेल्या मुलांच्या लक्षात जास्त राहिलं. पण शाळांनी चाचणीकडे गुण मोजण्याचं साधन म्हणूनच पाहिलं. मराठी घरांत गावांच्या किंवा नावांच्या भेंड्या खेळणारी मुलं मात्र हे काम कुणी न सांगता करत आली. शेवटचं अक्षर मिळालं की कुठेही न बघता नाव आठवायचं!

डिजिटल साधनांनी याच कामाला वेग दिला. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम इथल्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात अल्फ इंगे वांग यांनी २००६ साली व्याख्यानात खेळायच्या प्रश्नमंजूषेचा नमुना तयार केला. त्यातून २०१३ साली ‘काहूट’ जगासमोर आलं. बंगळुरूत ‘क्विझिझ’ उभं राहिलं. मुलांकडे फोन नसतील, तर ‘प्लिकर्स’ आहे. त्यात प्रत्येक मूल चौकोनी नक्षीचं छापील कार्ड उत्तरानुसार फिरवून वर धरतं आणि शिक्षकांच्या एकाच फोनचा कॅमेरा सगळ्या वर्गाची उत्तरं टिपतो.

वांग आणि रबाइल ताहिर यांनी २०२० साली काहूटवरच्या ९३ अभ्यासांचा आढावा घेतला. शिकणं, वर्गातलं वातावरण आणि मुलांचा कल यांवर बहुतांशी चांगला परिणाम दिसला. अडचणीही पुढे आल्या : इंटरनेटचा खोळंबा, वेळेचं दडपण, हरण्याची भीती.

यातल्या शेवटच्या दोन अडचणींकडे शिक्षकांनी गांभीर्याने पाहायला हवं. सर्वांत आधी बटण दाबणाऱ्याला जास्त गुण मिळत असतील, तर सावकाश विचार करणारं मूल आठवणं सोडून अंदाज मारू लागतं. खेळ सुरू राहतो, पण ज्याच्यासाठी तो मांडला ते काम थांबतं. म्हणून वेळेची मर्यादा सैल करता येते, क्रमवारी लपवता येते, एकेकट्याऐवजी गट खेळवता येतात. बहुपर्यायी प्रश्नांत आणखी एक धोका असतो. पटण्याजोगा चुकीचा पर्याय निवडला, तर तोच डोक्यात बसू शकतो. त्यामुळे प्रत्येक प्रश्नानंतर योग्य उत्तर आणि त्यामागचं कारण सांगणं हा खेळाचाच भाग मानला पाहिजे. पर्याय दाखवण्याआधी दहा सेकंद नुसता प्रश्न दाखवला, तर मुलांना उत्तर स्वतः आठवायला वेळ मिळतो.

प्रश्नांची निवडही तितकीच मोलाची. आजच्याच धड्यावर दहा प्रश्न विचारण्यापेक्षा पाच आजचे, तीन गेल्या आठवड्यातले आणि दोन गेल्या महिन्यातले विचारले, तर मधल्या काळात निसटू लागलेलं पुन्हा हाती येतं. त्यासाठी ॲप असलंच पाहिजे असं नाही. सगळ्या मुलांनी पाटीवर उत्तर लिहून एकदम वर धरलं, तरी हात वर न करणाऱ्या मुलालाही आठवावं लागतं आणि कोण कुठे अडलं ते शिक्षकांना त्याच क्षणी दिसतं.

चाचण्या वाढल्या की मुलांवरचा ताण वाढेल, ही पालकांची काळजी रास्त आहे. पूजा अगरवाल आणि सहकाऱ्यांनी अशा सरावाचा अनुभव असलेल्या १,४०८ शालेय विद्यार्थ्यांना याबद्दल विचारलं. शिकायला मदत झाली, असं ९२ टक्के मुलांनी सांगितलं. परीक्षेची धास्ती कमी झाली, असं ७२ टक्के म्हणाले.