सिस्टर, पुन्हा कॅज्युअल्टीत

लग्न, बाळंतपण, सासऱ्यांचे आजारपण, नवऱ्याची बदली. परिचारिकेच्या नोकरीत खंड पडतो तो बहुधा याच कारणांनी. त्या वेळी 'आता थोडी थांब' म्हणणारी घरची माणसेच पाच-सात वर्षांनी 'आता तुला जमेल का?' असे विचारतात. त्यातून कॅज्युअल्टीची ड्यूटी म्हटली की संपलेच!

किनवटला मात्र हा प्रश्न एका घरापुरता राहत नाही. पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्हा, इकडे तेलंगणाचे आदिलाबाद, आणि नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सव्वाशे किलोमीटरहून अधिक दूर. 2014 पासून 108 ची रुग्णवाहिका आली, तिच्यात डॉक्टरही असतो. पण रस्ता तेवढाच राहिला. तांड्यावरून, गुड्यावरून आलेल्या रुग्णाचा पहिला तास गोकुंद्याच्या उपजिल्हा रुग्णालयातच जातो. तिथे सरावलेला हात लागतो.

सर्पदंशाचेच पाहा. पावसाळ्यात रात्री जमिनीवर झोपलेल्या मुलाला मण्यार चावते. सूज नाही, फारशी वेदना नाही, नुसते पोट दुखते आणि पापण्या जड होऊ लागतात. अशा वेळी नव्या डॉक्टरच्या आधी जुन्या सिस्टरच्या लक्षात येते, हा अनुभव खंडाने पुसला जात नाही. घोणस-फुरशाच्या दंशात रक्त काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत वीस मिनिटे न हलवता ठेवायचे. नळी तिरकी केल्यावर ते पातळच राहिले तर रक्त गोठत नाही असे समजायचे. नळी प्लास्टिकची चालत नाही. हेही जुनेच. बदलले ते वेगळे. पूर्वी अँटिव्हेनम देण्याआधी कातडीवर चाचणी घेत. आता ती घेत नाहीत, कारण तिच्यावर विसंबता येत नाही आणि वेळ जातो. त्याऐवजी ॲड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवायचे. लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकेच अँटिव्हेनम लागते, कारण सापाने विष काही वय पाहून टोचलेले नसते.

हृदय बंद पडल्यास पूर्वी आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग छाती दाबणे असा क्रम शिकवत. 2010 पासून मोठ्या माणसांत छाती दाबणे पहिले आले. मिनिटाला 100 ते 120 वेळा, किमान 5 सेंटिमीटर खोल. तीस दाबांनंतर दोन श्वास. हे पुस्तकात वाचून येत नाही. पुतळ्यावर घाम येईपर्यंत करावे लागते.

कागदाचे म्हणाल तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. ती संपलेली असेल तर अर्ज करण्याआधी हे काम उरका.

ज्या भगिनी अजून नोकरीत आहेत त्यांना एक सांगणे आहे. घाईने राजीनामा देऊ नका. सरकारी नोकरीत राजीनाम्याने मागची सेवा सहसा जप्त होते, आणि परतताना वयोमर्यादेसह नव्या भरतीच्या रांगेत उभे राहावे लागते. नाहीतर कंत्राटी जागा. प्रसूतिरजेखेरीज राज्य शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांना 2018 पासून 180 दिवसांची बालसंगोपन रजाही आहे. ती मागायला संकोच कसला? कारखान्यातील स्त्रियांच्या प्रसूतिलाभासाठी बाबासाहेब 1928 साली मुंबई कायदेमंडळात बोलले होते. तेव्हापासूनची ही वाट आहे. कंत्राटी सिस्टरला मात्र ती पुरती मोकळी झालेली नाही, हे खटकते.

परतल्यावर पहिले काही आठवडे दिवसपाळी मागून घ्यावी. इमर्जन्सी ट्रे रोज स्वतः लावावा. कोणती औषधे कुठे, हे अंधारातही सापडले पाहिजे. शिरेत सुई घालण्याचा हात आठ-दहा दिवसांत परत येतो. आणि पहिली नाईट लागेल त्या दिवशी सकाळचा डबा कोण करणार, हे घरात आदल्या आठवड्यातच ठरवून टाकावे.